मुलीकडची पदाधिकारी मंडळी

शिलाच्या साखरपुड्यात सगळं बराबर चाललं होतं. टिळे झाले, साखर वाटली, जेवणं झाली. मग पुनमचंदनं माईक हातात घेतला आणि तिथून बिघडलं.

पुनमचंद म्हणजे नवरदेवाचा चुलता. शिरड शहापूरकडच्या तांड्यावरचा. कडक पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, आणि आवाज असा की भोंगा नसता तरी चाललं असतं. लग्नकार्यात माईकवरून पाहुण्यांचं स्वागत होतं हे काय नव्यानं सांगायला नको. आधी पद येतं, मग नाव येतं, मग टॉवेल-टोपी. ज्याला पद नाही त्याचं नुसतं नाव. आणि ज्याचं नावपण घ्यायचं नाही, तो मंडळीत.

पुनमचंदनं आपली माणसं घ्यायला सुरुवात केली. माजी चेअरमन. तालुका संघटक, हे त्याचं स्वतःचंच. जिल्हा उपाध्यक्ष. शिक्षणप्रेमी. एकेक जण उठायचा, हात जोडायचा, खाली बसायचा. 'युवा नेते' म्हटल्यावर ज्यांना उठायचं होतं त्यांना दोघांनी बगलेत धरून उठवलं. गुडघे गेले होते. नवरदेवाचा मावसभाऊ अजून बारावीतून सुटायचा होता, तो 'भावी' काहीतरी निघाला. असं अर्धा घंटा. मग पुनमचंद पाणी प्याला, माईकवर फुंकर मारली आणि म्हणाला,

"आणि मुलीकडची मंडळी."

झालं. माईक बंद.

मुलीकडची मंडळी म्हणजे कळमनुरीजवळचा अख्खा तांडा. घरचं कार्य म्हणून दोन दिवस राबणारी माणसं. शिलाचा बाप धर्मसिंग मान खाली घालून सतरंजीची घडी करायला लागला. सतरंजीवर अजून पाहुणे बसलेले होते. त्याचा धाकटा भाऊ मोहनसिंग उठला, मोठ्यानं म्हणाला, "मंडळी घरी चालली," आणि पान न खाता निघून गेला. घर शेजारीच होतं, त्यामुळं जाणं काही फार उठून दिसलं नाही. त्याचा त्याला अजून राग आला.

शिलाचा धाकटा भाऊ दिपक हे सगळं खांबाला टेकून बघत होता.

दिपक कळमनुरीत स्वप्निलच्या दुकानात बसायचा. दुकानात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक पंखा. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, लेटरपॅड. दिपकला कोणी शिकवलं नव्हतं. नांदेडला रद्दीत एक पुस्तक सापडलं होतं, त्याचा पहिला धडा फाटलेला. म्हणून कॉम्प्युटर सुरू कसा करायचा ते सोडून त्याला बाकी सगळं येत होतं. सुरू स्वप्निल करून द्यायचा.

तर दुकानाच्या काचेत नमुन्याची कार्डं लावायची असतात. दिपकनं पहिल्या नमुन्यावर सहज 'तालुका अध्यक्ष' लिहिलं आणि खाली मनानं एक नाव टाकलं. दुसऱ्या दिवशी एक खरे तालुका अध्यक्ष घाम पुसत आत आले. "हा कोण? मला कवा काढलं?" त्यांना पाणी पाजून, खुर्ची देऊन, कार्ड फाडून दाखवावं लागलं. तरी जाताना ते फोन लावतच गेले.

तेव्हा दिपकनं ठरवलं, असली पदं लिहायची जी कोणाचीच नाहीत.

त्यातच एका पतसंस्थेसाठी तो सभासदांचा प्रोग्रॅम बनवून राहिला होता. प्रोग्रॅम चालतो का ते बघायला त्यात माणसं भरावी लागतात, पदासकट. खरी माणसं कुठून आणायची? बसून बसून डोक्यातून किती पदं काढणार? तर त्यानं एक्सेलमध्ये तीन रांगा केल्या. पहिल्या रांगेत जिल्हा, तालुका, विभागीय, मानद, प्रभारी, फिरते. दुसऱ्या रांगेत वीज, हवामान, कुस्ती, ग्रंथालय, चिंच, कुक्कुट, असं जे सुचेल ते. तिसऱ्या रांगेत निरीक्षक, सल्लागार, समन्वयक, पर्यवेक्षक, उपाध्यक्ष. मग फॉर्म्युला मारला. एफ-नऊची कळ दाबली की तिन्ही रांगांतून एकेक शब्द उचलून पद तयार. परत दाबली की नवं. दिपक रिकामा असला की दाबत बसायचा. प्रभारी चिंच निरीक्षक. जिल्हा कुक्कुट सल्लागार. एकटाच हसायचा.

साखरपुड्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी शिला शिंप्याकडून परत येताना दुकानात टेकली. स्क्रीनवर नजर गेली.

"हे कोण हायत?"

"कोणीच न्हाई. खोटी माणसं. प्रोग्रॅम तपासायला."

शिलानं वाचलं. परत वाचलं.

"खोट्या माणसाला बी पद हाय," ती म्हणाली, "आन् आपल्या काकाला न्हाई."

दिपक हसला. शिला हसली नाही.

"तुला गंमत वाटून राहिली, दिप्या. तिथं मला जायचंय. चहा घेऊन बाहेर आली की म्हणतील, आली मंडळी. भाजीत मीठ पडलं की मंडळी. सणाला तू आला की मंडळीचं पोरगं आलं. एकदा चिकटलं की उभा जन्म निघत न्हाई हे." तिनं ब्लाऊजची पिशवी मांडीवरून उचलली. "लग्नाच्या दिवशी त्या माईकमधून आपल्या माणसांची नावं बराबर निघाली पाहिजेत. कशी ते तू बघ. एवढा शिकला म्हणतो ना."

"पदं कुठून आणू?"

शिलानं स्क्रीनकडं बोट केलं.

दिपकनं तांड्यावर विषय काढला तर पहिल्या पाच मिनिटांतच भांडण. मोहनसिंग म्हणाला, मला 'जिल्हा' पाहिजे. कोणी म्हणालं, मंग मला काहून तालुका? मी तुझ्याहून मोठा. मोहनसिंग म्हणाला, वयानं. त्यावर दोघं उभे राहिले. तेव्हा दिपक ओरडला, "मी देणारच न्हाई कोणाला! मशीन देईल. ज्यानं त्यानं कळ दाबायची. एकदाच दाबायची. जे निघंल ते घ्यायचं."

हे सगळ्यांना पटलं. माणसानं दिलं असतं तर पिढ्यान् पिढ्या ते उकरून काढलं असतं. मशीनशी कोण भांडणार?

पुढच्या बाजारी दोन काळ्या-पिवळ्या जीपा भरून तांडा दुकानासमोर उतरला. स्वप्निल काउंटरच्या मागं उभाच राहिला.

"दिपक, हे काय? अरे आपल्याकडं काय फुकट मोतीबिंदू तपासणी हाय का?"

"दोन मिनिटाचं काम हाय, स्वप्निलभाऊ."

शिलानं नेलपॉलिशचा लाल ठिपका एफ-नऊवर लावून ठेवला होता, कोणी भलतीच कळ दाबू नये म्हणून. मोहनसिंग पुढं झाला. चप्पल काढली. कॉम्प्युटरला हात जोडले. कळ अशी दाबली की टेबल हललं.

विभागीय वीज सल्लागार.

दिपकनं वाचून दाखवलं. मोहनसिंगनं मिशीवरून हात फिरवला. "विभागीय म्हंजे जिल्ह्याच्या वर का खाली?"

"वर."

मोहनसिंगनं मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. बास, बघितलं फक्त.

दिपकची आई नानीबाई, तिला जिल्हा हवामान पर्यवेक्षक निघालं. ती म्हणाली, ह्यात काय, आभाळ तर मी रोजच बघती. चुलतभाऊ सुदामला फिरते ग्रंथालय उपाध्यक्ष. सुदाम शेळ्या राखायचा, अक्षराशी त्याचा संबंध एसटीच्या पाटीपुरता, तोही रंगावरून. आणि मग धर्मसिंगची आत्या रूपाबाई. तांड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई, आरशांचा घागरा, कोपरापर्यंत बांगड्या. तिनं बोटाऐवजी काठीचं टोक कळीवर टेकवलं.

मानद कुस्ती निरीक्षक.

हसून हसून स्वप्निलनं काउंटर धरला. रूपाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि तो लगेच थांबला.

अर्ध्या माणसांचं झालं आणि लाईट गेली. उरलेली अर्धी माणसं उन्हात दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. सगळ्यांनी एकदम मोहनसिंगकडं बघितलं. "काका, वीज तुमच्याकडं हाय आता."

"पदभार घ्यायचाय अजून," मोहनसिंग म्हणाला.

संध्याकाळी तांड्यावर नुसता आनंद. लोक एकमेकांना पदानं हाका मारायला लागले. फक्त धर्मसिंग बाजेवर आडवा. त्यानं कळ दाबली नव्हती. दुकानातच आला नव्हता.

"बा, तुमी काहून न्हाई आले?" दिपकनं विचारलं.

"मी पोरीचा बाप हाय. मला तेवढं पुरे." मग म्हणाला, "आन् हे बी जमायचं न्हाई. मांडव देवाचा असतो. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडून राहिल्या आन् वर भोंग्यातून खोटं? माझ्या दारात न्हाई होणार."

मोहनसिंगचा चेहरा असा उतरला की बघवेना. शिला चुलीपाशी होती, तिचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

धर्मसिंगचा शब्द मोडायची तांड्यावर कोणाची हिंमत नव्हती. रूपाबाई सोडून.

"खोटं हाय ना?" ती म्हणाली. "मंग खरं करा. लग्नाला अजून पंधरवडा हाय. ज्याचं जे पद, त्यानं ते काम धरा. काम केलं की पद खरं. का रे धर्म्या?"

धर्मसिंगनं बाजेची दोरी ओढून बघितली. "काम केलं तर... मंग खोटं न्हाई म्हणता येणार."

दिपकला वाटलं, रूपाबाई गंमत करून राहिली. सकाळी उठून बघतो तर मोहनसिंग धुतलेलं धोतर नेसून कळमनुरीला निघालेला.

"कुठं काका?"

"सल्ला द्यायला."

तो थेट वीज ऑफिसात गेला. तिथल्या क्लार्कनं विचारलं, काय काम? मोहनसिंग म्हणाला, सल्ला हाय. तुमची वीज सकाळी जाती, ती दुपारी घालवत जा. सकाळी बायांचं दळण असतं. क्लार्क म्हणाला, लिहून द्या. मोहनसिंग म्हणाला, "मी सल्लागार हाय, लेखनिक न्हाई." क्लार्कनं चहा मागवला. मोहनसिंगनं चहा पिऊन पंख्याबद्दल एक सल्ला फुकट दिला आणि उठला. तिथून तो रोज एका गावाला. तारेवर कपडे वाळत घातले असले की दारात उभा. "काढा ते. विभागीयकडून आलोय."

सुदामला दिपकनं पुस्तकं दिली. घरात होती तीनच. दहावीचा भूगोल, एक जुनं पंचांग, आणि ट्रॅक्टरसोबत मिळतं ते माहितीचं पुस्तक, हे कुठून आलं कोणालाच माहीत नव्हतं. सुदाम ती फडक्यात बांधून दारोदार. पुढं सुदाम, मागं शेळ्या. "पुस्तक पाहिजे का? चार दिवसांत वापस." ट्रॅक्टरच्या पुस्तकाला सगळ्यात जास्त मागणी. ज्याच्याकडं बैलपण नव्हता त्यानं ते दोनदा नेलं. भूगोलाची मात्र तक्रार आली, शेळीनं कोकण खाल्लं म्हणून.

नानीबाई रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून आभाळ बघायची आणि जाहीर करायची, "उद्या ऊन." एप्रिल महिना होता. एकदाही चुकली नाही.

पण सगळ्यांवर कडी केली रूपाबाईनं. औंढ्याकडच्या एका गावात जत्रेच्या कुस्त्या होत्या. तिनं दिपकला सायकलवर न्यायला लावलं. गर्दी काठीनं बाजूला सारत म्हातारी थेट फडाच्या कडेला. पंच म्हणाला, "आजी, बायांनी तिकडं..."

"निरीक्षक हाय मी."

"कशाच्या?"

"कुस्तीच्या. पोरं दाखव."

पंच हसला, पैलवान हसले, आणि तिनं पहिल्याच पोराचा दंड दाबून बघितला. "हा उपाशी हाय. ह्याला आधी भाकर घाला, मंग लढवा." ते पोरगं खरंच सकाळपासून उपाशी होतं. दुसऱ्याला म्हणाली, "तुझा गुडघा सुजलाय. तू काहून आला? आई न्हाई का तुला घरी?" तो घरी कोणालाच न सांगता कुस्तीला आला होता. मान खाली घालून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत पैलवान लंगोट कसून आधी तिच्यासमोर येत होते आणि मग फडात जात होते. येताना सायकलवर बसून ती म्हणाली, "चांगलं काम हाय. आधीच कोणी सांगायला पाहिजे होतं."

दिपक सायकल मारत विचार करून राहिला. मशीनमधून निघालेले शब्द. कोणी ठरवलेले नाहीत. आणि ही माणसं त्यात घुसून बसली, जसा काही सदरा अंगावर बेतूनच शिवला होता.

लग्नाचा दिवस. मांडव तांड्यावरच. अक्षता पडल्या, पोरगी-पोरगा पाटावर बसले, तिकडं मागं पंगतीची तयारी. आणि पुनमचंदनं माईक धरला. आधी माईकची वायर बघितली, मग फुंकर, मग आपली माणसं. साखरपुड्यापेक्षा जास्त होती. दोन जणांना बढती मिळालेली. युवा नेते परत बगलेत धरून उठले.

ते संपलं तसा दिपकनं कागद पुढं केला. "काका, आमची बी माणसं हायत."

पुनमचंदनं कागद घेतला, चष्मा लावला. वाचायला लागला आणि तोंडाचा कोपरा वर गेला. "विभागीय... वीज सल्लागार. मोहनसिंग राठोड." मांडवात एकदम कान टवकारले. मोहनसिंग उठला, हात जोडले. "जिल्हा हवामान पर्यवेक्षक. नानीबाई राठोड. फिरते ग्रंथालय उपाध्यक्ष..." सगळं वाचलं. एकही गाळलं नाही. दिपकनं पाटाकडं बघितलं. मुंडावळ्यांच्या आड शिला गालात हसत होती. चला, झालं.

पण पुनमचंदला राहवलं नाही. माईक तसाच हातात होता. म्हणाला, "आता मंडळी, लय मोठमोठी पदं ऐकली. तर आमाला बी कळू द्या की. हे वीज सल्लागार साहेब नेमका सल्ला कोणाला देतात?"

वऱ्हाडात हशा.

मोहनसिंगला मात्र कोणी विचारायचीच वाट होती. तो उठला आणि सांगायलाच लागला. क्लार्क, दळण, पंखा, तारेवरचे कपडे, कोणत्या गावात कोणाच्या दारात. नावानिशी. थांबेचना. मग सुदाम न सांगताच उठला आणि तीन पुस्तकांपैकी कोणतं कुठं आहे ते सांगितलं. कोकणाचं काय झालं तेही सांगितलं. लपवलं नाही. पुनमचंद म्हणाला, "आन् ह्या आजी कुस्ती..." एवढं त्याच्या तोंडातून निघालं, तर आचाऱ्याच्या हाताखाली एक धिप्पाड पोरगं बुंदी पाडून राहिलं होतं, त्यानं झारा टाकला, पळत आलं आणि भर मांडवात रूपाबाईच्या पायावर डोकं ठेवलं.

"गुडघा?" रूपाबाईनं विचारलं.

"बरा हाय, आजी."

आता हशा थांबला. आणि रूपाबाई काठी टेकत उभी राहिली.

"आमचं झालं सांगून. आता तुमचं सांगा. तुमी तालुका संघटक ना? काय संघटित केलं?"

पुनमचंद हसला. "आजी, ते... कार्य चालूच असतं."

"कुठं चालू हाय?"

"असं... सगळीकडंच."

"एक सांगा."

माईकमधून नुसता खर्रर्र आवाज. पुनमचंदनं युवा नेत्यांकडं बघितलं. युवा नेते दुसरीकडं बघून राहिले. माजी चेअरमननी चेअरमनकी कुठली होती ते कोणी विचारायच्या आधीच तोंडात पान कोंबलं. मुलीकडच्या बायांमधून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. नवरदेवाच्या बापाचा चेहरा काळाठिक्कर. वऱ्हाडातला एक जण उठून चप्पल शोधायला लागला. "चला रे. जेवायचं न्हाई इथं."

मोहनसिंगची छाती दोन बोटं वर आली होती. दिपकलाही एक क्षण लय भारी वाटलं. मग त्यानं शिलाकडं बघितलं.

ती हसत नव्हती. तिनं पाटावरूनच मान हलवली. थोडीशीच. नको.

आणि दिपकच्या डोक्यात प्रकाश पडला. हे जिंकलेले सगळे आज संध्याकाळी आपापल्या घरी झोपणार. शिला एकटी ह्या हरलेल्या माणसांच्या जीपमध्ये बसून जाणार. उद्या सकाळी चहा घेऊन ती ह्याच पुनमचंदसमोर उभी राहणार.

तो पळत गेला आणि पुनमचंदच्या हातातल्या माईकला तोंड लावलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. जे होतं ते निघालं.

"काकांना काही म्हणू नका! आमची पदं बी खरी न्हाईत. म्हंजे आता हायत, आधी नव्हती. मी कॉम्प्युटरवर काढली. कळ दाबून. एकानं बी मिळवली न्हाई. पद आधी आलं, काम आमी मागून केलं. काकांचं काम अजून व्हायचंय, तेवढंच."

मोहनसिंगनं डोळे मिटले.

पुनमचंदनं चष्मा काढला. "कळ दाबून?"

"व्हय. एकदाच."

"कोणाला बी भेटतं?"

"कोणाला बी."

पुनमचंद माईक बाजूला धरून हळूच म्हणाला, पण तो आवाजच असा होता की शेवटच्या बाईपर्यंत ऐकू गेलं. "मंग आमाला काहून न्हाई बोलावलं रे, लेकरा?"

आता कॉम्प्युटर तर कळमनुरीला. तेव्हा रूपाबाईनं काठी आपटली. "मशीन कशाला? मांडव भरलाय की. तीन जणांनी तीन शब्द ओरडा. विचार करायचा न्हाई."

"जिल्हा!" नवरदेवच ओरडला. पाटावरून. पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं त्यानं.

त्याच वेळी मागून आचारी बोंबलला, "बुंदी! अरे बुंदी करपून राहिली, तो पोरगा कुठं गेला?"

"निरीक्षक!" सुदाम म्हणाला. त्याला तेवढंच पाठ होतं.

जिल्हा बुंदी निरीक्षक. मांडव फुटला. दोन्हीकडचा. चप्पल शोधणारा हातात एक चप्पल घेऊन हसून राहिला. पुनमचंद हसावं का रुसावं ह्याच्यात उभा होता, तेवढ्यात धर्मसिंग पुढं आला. त्यानं पुनमचंदच्या हातातून माईक घेतला, खाली ठेवला आणि त्याच्या हातात बादली दिली.

"व्याही, काम लगेच हाय. पंगत बसून राहिली."

पुनमचंदनं बाह्या वर केल्या. खिशातले दोन पेन काढून दिपककडं दिले.

आणि खोटं कशाला सांगायचं, माणूस कामाचा निघाला. आधी त्यानं कढईपाशी जाऊन एक दाणा दोन बोटांत फोडून बघितला. "पाक कमी हाय." आचारी चिडला, मग चाखून बघितलं, मग गप्प पाक वाढवला. लेकरांची पंगत त्यानं आधी बसवली. म्हाताऱ्यांना मऊ बुंदी बाजूला काढली. एका पत्रावळीवर दोनदा पडली आणि एकीवर एकदाही नाही असं होऊ दिलं नाही. "भोंगा बंद करा," असं मध्येच ओरडला, "माझं ऐकू येऊन न्हाई राहिलं!" शर्टावर पाकाचे डाग, कपाळावर घाम. युवा नेत्यांना त्यानं बसल्या जागी पत्रावळी पुसायला लावलं होतं.

निघायची वेळ झाली. तांड्यावर पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. शब्द ठरलेले नसतात, जे माणूस समोर असेल त्याचं. आजकालच्या पोरींना येत नाही, शिला रूपाबाईकडून शिकली होती.

ती मोहनसिंगच्या गळ्यात पडली. "वीज सल्लागार काका रे, तुझ्या खांद्यावर बसून मी बाजार बघितला, आता मला अंधारात कोण हात देणार..." मोहनसिंग हुंदके द्यायला लागला. आईला मिठी मारली. "हवामान बघणारी याडी ग, माझ्या डोक्यावरचं आभाळ आता कोण बघणार..." सुदामला धरलं. "ग्रंथालयाच्या भावा रे, माझ्या सासरच्या दारी बी एकदा ये, पुस्तक नसलं तरी ये..." सुदामनं गळ्यातल्या फडक्यानं नाक पुसलं. बाया रडत होत्या, आणि पदं आली की रडता रडता हसत होत्या, आणि हसलो म्हणून अजून रडत होत्या. दिपकपाशी आली तेव्हा ती काही गायलीच नाही, त्याच्या पाठीत एक बुक्की घातली फक्त. बापाच्या गळ्यात पडली तेव्हा नुसतं, बा. बा.

जीपपाशी पुनमचंद उभा होता. डोळे लाल. पाकाचे हात अजून धुतले नव्हते. शिला पदर पुढं घेऊन त्याच्यासमोरून जायला लागली तसा तो घसा खाकरून म्हणाला,

"सूनबाई, एक बोलायचं होतं."

शिला थांबली. दिपकही थांबला. आता काय बोलतो?

"आमच्याकडं ना, विजेची लय तकलीफ हाय. डीपीवर फांदी आलीय, कोणी ऐकून न्हाई राहिलं." त्यानं मोहनसिंगकडं चोरून बघितलं. "सल्लागार साहेबांना... म्हंजे त्यांना येळ असंल तर... तुमी शब्द टाकला तर येतील का?"

शिलानं पदराआडून काकाकडं बघितलं. चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते, आणि दिपकला लहानपणापासून माहीत होतं की ते खांदे रडताना कसे हलतात आणि हसताना कसे.

"येतील," ती म्हणाली. "पण पुढची सीट लागती त्यांना."

मोहनसिंग तोपर्यंत घरात जाऊन धुतलेलं उपरणं घेऊन आलाही होता. तो पुढच्या सीटवर बसला. शिलासोबत पाठराखीण म्हणून जाणारी रूपाबाई काठीसकट मधल्या सीटवर चढली, शेजारी नवरी, तिच्या शेजारी बादली मांडीवर घेऊन पुनमचंद, कारण उरलेली बुंदी त्याच्या देखरेखीखाली जायची होती. जीप भरली. नवरदेव फेटा सांभाळत खालीच.

"मी कुठं बसू?" त्यानं विचारलं.

"मागं लोंबक," मोहनसिंग पुढून म्हणाला. "आन् तारा खाली असल्या की वाक. सल्ला हाय."

जीप धूळ उडवत निघाली आणि मागच्या दांडीला धरून नवरदेव गेला, प्रत्येक खांबापाशी वाकत.